बोलणारी पेटी

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने संगणक कसा वापरायचा? पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवणारे यंत्र कसे असते, ते संगणकाला कसे जोडतात आणि शहापूर-मुरबाड भागातल्या एका घरात ते कसे बोलू लागले, याची हकीकत या पाठात एका मराठीच्या शिक्षकाने सांगितली आहे.

सन २००० चा जुलै महिना होता. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या एस.टी.त मी खिडकीशी बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. माझ्या मांडीवर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक खोके होते. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "मास्तर, रेडिओ आणला वाटतं?"

"रेडिओ नाही, बाबा. पण बोलतो."

"मग रेडिओच की!" असे म्हणून त्याने तंबाखूची डबी काढली.

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर त्या खोक्यात काय आहे, हे मलाही तेव्हा नीटसे कळलेले नव्हते.

ते खोके माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासाठी होते. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. सातव्या वर्षी आजारपणात त्याची दृष्टी गेली. त्याआधी तो अलिफ, बे शिकला होता, थोडी इंग्रजी अक्षरेही गिरवली होती. दहावीची परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली. लेखनिक म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थ्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारा. तो खालच्या इयत्तेतला असतो. परीक्षा संपल्यावर मी त्याला विचारले, "पेपर कसा गेला?" तो म्हणाला, "सर, उत्तरं मला येत होती. पण कागदावर काय लिहिलं गेलं, ते मला माहीत नाही."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

आणखी एक गोष्ट होती. त्याचा थोरला भाऊ कुवेतला नोकरीला होता. त्याला पत्र पाठवायचे म्हणजे शेजारच्या मुलाला बोलवावे लागे. हा सांगणार, तो लिहिणार आणि समोर अम्मी बसलेली. अशा पत्रात माणूस काय सांगणार? "आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा." वर्षानुवर्षे तेच पत्र.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, अंधांसाठी ब्रेल लिपी आहे ना? आहे, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा. त्याचा जन्म १८०९ सालचा. वडिलांच्या कारखान्यातले हत्यार डोळ्याला लागून लहानपणीच त्याची दृष्टी गेली. पुढे त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. ते उंचवट्याचे ठिपके बोटांनी वाचायचे. भारतात आधी ठिपक्यांच्या वेगवेगळ्या योजना होत्या. १९५१ साली सर्वांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तुम्हांला एक गंमत सांगतो. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण उर्दू ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे वाचतात. माझा विद्यार्थी ब्रेल शिकलेला होता. पण त्याच्या भावाला ब्रेल येत नव्हती आणि पेपर तपासणाऱ्यालाही येत नाही. डोळस माणसाला वाचता येईल असे त्याला स्वतःला लिहायचे होते, आणि लिहिलेले स्वतःला तपासायचे होते.

मुंबईतल्या एका संस्थेने जुना संगणक आणि ही पेटी अशा दोन वस्तू त्याच्यासाठी दिल्या. संगणक आधीच घरी येऊन पडला होता. पेटी मी घेऊन चाललो होतो. आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. वस्तू मात्र मुंबईहून इकडे याव्या लागतात, आणि त्या कोणीतरी मांडीवर घेऊन याव्या लागतात.

पेटी एखाद्या जाड पुस्तकाएवढी होती. पुढच्या बाजूला जाळी आणि तिच्या आत छोटा स्पीकर. बाजूला आवाज कमी-जास्त करण्याचे गोल बटण आणि कानातला ईअरफोन लावण्याचे भोक. मागे विजेच्या अ‍ॅडाप्टरसाठी एक जागा आणि केबल लावण्यासाठी एक रुंद सॉकेट. हिला स्पीच सिंथेसायझर म्हणतात. आपण तिला बोलणारी पेटी म्हणू. आज संगणकाचा आवाज संगणकातूनच निघतो. त्या काळातल्या पुष्कळ संगणकांना पिपाणीसारखे 'टूं' करण्यापलीकडे काही येत नसे. म्हणून बोलण्याचे काम वेगळ्या पेटीला द्यावे लागे.

माणसाचे बोलणे यंत्राकडून करून घ्यावे, ही हौस फार जुनी आहे. व्होल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने असे एक यंत्र बनवले आणि १७९१ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या यंत्रात फुफ्फुसाच्या जागी भाता, घशाच्या जागी पत्ती आणि तोंडाच्या जागी हाताने दाबता येणारा भाग होता. पण याच गृहस्थाने आधी बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक पुतळा दाखवला होता आणि त्याच्या पेटाऱ्यात माणूस लपलेला असे. त्यामुळे बोलणारे यंत्र खरे असूनही पुष्कळांना ती लबाडीच वाटली. एकदा गेलेली पत अशी परत येत नाही!

पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात होमर डडली यांचे 'व्होडर' नावाचे विजेवर चालणारे यंत्र बोलले. ते आपोआप बोलत नव्हते. एक बाई हार्मोनियमसारख्या पट्ट्या दाबून आणि पायाने पेडल हलवून एकेक ध्वनी काढत असे. ते शिकायला साधारण एक वर्ष लागे.

हार्मोनियमची आठवण उगीच आली नाही. एक प्रयोग करून पाहा. गळ्यावर दोन बोटे ठेवा आणि 'आऽऽ' म्हणा. न थांबता त्याच सुरात 'ईऽऽ' म्हणा. गळ्यातला थरथराट तोच राहिला, फक्त तोंडाचा आकार बदलला. आता 'सऽऽ' म्हणा. बोटांना काहीच लागत नाही. मग उर्दूतला 'ज़े' म्हणजे 'ज़ऽऽ' म्हणा. पुन्हा थरथर सुरू झाली. म्हणजे बोलण्यात दोन गोष्टी असतात : गळ्यातून येणारा सूर किंवा नुसती फुसफुस, आणि त्याला आकार देणारे तोंड. बोलणाऱ्या पेटीत सूर आणि फुसफुस विजेने तयार करतात आणि तोंडाचे काम गणिताने करतात. कोणत्या ध्वनीला काय लागते, याचे आकडे पेटीच्या आत साठवलेले असतात.

हे आकडे बसवण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांत अमेरिकेतील डेनिस क्लॅट यांचे नाव मोठे आहे. त्यांच्या कामावरून १९८४ साली 'डेकटॉक' नावाची पेटी बाजारात आली. तिचा एक आवाज क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून बसवला होता. त्याच जातीचा आवाज तुम्ही कदाचित ऐकला असेल. प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली शस्त्रक्रियेमुळे कायमचा गेला. त्यानंतर ते यंत्राच्या आवाजात बोलू लागले. पुढे अधिक चांगले आवाज निघाले, तरी त्यांनी २०१८ साली मृत्यू येईपर्यंत तो जुनाच आवाज ठेवला. तोच त्यांना आपला वाटत होता.

पण पेटीला नुसते बोलता येऊन चालत नाही. काय बोलायचे, ते तिला कोणीतरी सांगावे लागते. हे काम स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम करतो. त्या वेळच्या डॉस पद्धतीच्या संगणकात पडद्यावर २५ ओळी असत आणि एका ओळीत ८० अक्षरे. स्क्रीन रीडर संगणकाच्या आठवणीत लपून बसतो. पडद्यावर कोणते अक्षर कुठे आहे, ते पाहतो आणि पेटीकडे पाठवतो. बटण दाबले की एक अक्षर, दुसरे दाबले की एक शब्द, तिसरे दाबले की पूर्ण ओळ.

असा एक प्रोग्रॅम टेड हेंटर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तयार केला. हेंटर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारे. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांचे डोळे गेले. मग ते संगणकाचे काम शिकले आणि बिल जॉइस यांच्या मदतीने १९८७ साली त्यांनी कंपनी काढली. १९८९ साली त्यांचा 'जॉज' हा डॉससाठीचा स्क्रीन रीडर आला. स्वतःला जे लागत होते, तेच त्यांनी बनवले.

आता आपण पुन्हा पावसात जाऊ.

घरी पोहोचलो तेव्हा संगणक ओसरीतल्या टेबलावर मांडून ठेवलेला होता. त्यावर अम्मीने क्रोशाचे आच्छादन घातले होते. मी खोके उघडले. केबल काढली. संगणकाच्या मागे पाहिले आणि कपाळाला हात लावला. केबलच्या टोकाला २५ पिनांची जागा होती आणि संगणकाच्या मागे होत्या ९ पिना.

"काय झालं, सर?" मुलाने विचारले.

"टोपी मोठी आहे आणि डोकं लहान."

तो हसला. पण मला हसू येईना. हे दोन्ही मापांना जोडणारे छोटे कन्व्हर्टर शहापुरात मिळाले नाही, मुरबाडलाही मिळाले नाही. पुढच्या रविवारी आसनगावहून लोकल पकडली, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. विजेच्या वस्तूंसाठी तो रस्ता प्रसिद्धच आहे. पण रविवारी बहुतेक दुकाने बंद! फुटपाथवर सामान मांडून बसलेल्या एका माणसाकडे ते कन्व्हर्टर मिळाले. वस्तू दोन बोटांएवढी आणि तिच्यासाठी अख्खा दिवस.

मग सगळे जोडले. पेटीचा अ‍ॅडाप्टर लावला. पेटीने आपले नाव सांगितले आणि इंग्रजीत 'मी तयार आहे' असे म्हटले. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. मी संगणक सुरू केला, प्रोग्रॅम चालवला. पेटी गप्प. पुन्हा केले. गप्प. पडद्यावर अक्षरे दिसत होती, पण पेटी हूं की चूं करीना.

मी म्हणालो, "पेटी बिघडलेली दिसते."

मुलगा थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "सर, सुरू करताना ती आपणहून बोलते ना? म्हणजे तिचा गळा चांगला आहे. तिला ऐकू येत नसेल."

मुलांनो, मी त्याचा शिक्षक आणि तो माझा विद्यार्थी. पण त्या दिवशी हे उलटे झाले. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

केबलमध्ये पुष्कळ तारा असल्या, तरी मुख्य काम तीनच तारा करतात. एक बोलण्याची, एक ऐकण्याची आणि एक दोघांना समान असलेली. ९ पिनांच्या सॉकेटमध्ये संगणक ३ नंबरच्या पिनेवरून बोलतो आणि २ नंबरच्या पिनेवरून ऐकतो. २५ पिनांच्या सॉकेटमध्ये हे नंबर उलट असतात. आता दोघांनी बोलायचे असेल, तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यायला हवे. आमच्या केबलमध्ये तोंडाला तोंड आणि कानाला कान असे जोडले गेले होते. दोघेही बोलत होते आणि कोणीच ऐकत नव्हते. असे माणसांतही होते म्हणा!

सरळगावच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याने संगणक कधी पाहिलेला नव्हता. पण मी कागदावर आकृती काढून दाखवताच त्याने केबलच्या टोकाचे झाकण उघडले, दोन तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून डाग दिला. दहा मिनिटांचे काम. पैसे घेताना म्हणाला, "बोलली तर मला सांगायला या."

पेटी बोलली, पण ते ऐकून अम्मीने कानांवर हात ठेवले. "क्यू, ट्रर्र, एक्स, एक्स, क्यू!" आता काय? आता वेग जुळत नव्हता. संगणक आणि पेटी यांच्यात विजेचे ठोके जातात. दर सेकंदाला किती ठोके जायचे, हे दोन्हीकडे सारखे ठरवावे लागते. आमचा संगणक सेकंदाला ९६०० ठोके पाठवत होता आणि पेटी १२०० च्या हिशेबाने मोजत होती. पेटीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे चार खटके होते. माहितीपुस्तक इंग्रजीत होते. मी वाचत गेलो आणि त्याने सुईच्या टोकाने खटके बदलले. त्याची बोटे माझ्या डोळ्यांपेक्षा पक्की होती.

मग पेटी स्वच्छ आवाजात म्हणाली, "सी, कोलन, बॅकस्लॅश, ग्रेटर."

"काय म्हणते?" अम्मीने विचारले.

"काही नाही, खाला. ती विचारते, पुढे काय करू?"

एक अक्षर पाठवायला १० ठोके लागतात. म्हणजे एका सेकंदात ९६० अक्षरे जातात. पूर्ण पडद्यावर ८० गुणिले २५, म्हणजे २००० अक्षरे. ती दोन-सव्वादोन सेकंदांत पेटीकडे पोहोचतात. पण बोलायला? सेकंदाला पंधरा अक्षरे धरली, तर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल. म्हणून पेटीकडे आलेली अक्षरे साठवण्याची जागा असते. ती भरली, की पेटी संगणकाला 'थांब' म्हणून खूण करते. आणि म्हणूनच स्क्रीन रीडरमधले सर्वांत महत्त्वाचे बटण बोलायला लावणारे नसते, गप्प करणारे असते. ते दाबल्याबरोबर साठलेले सगळे पुसले गेले पाहिजे. नाहीतर आपण पुढच्या पानावर जातो आणि पेटी मागचेच पान वाचत बसते. आम्ही ते बटण शंभर वेळा दाबून पाहिले.

मला वाटले, काम झाले. पण मुलगा म्हणाला, "सर, रोज प्रोग्रॅम कोण चालू करणार? पेटी बोलायच्या आधी मला तर काहीच कळत नाही." हाही प्रश्न बरोबर. संगणक सुरू झाल्यावर आपोआप करायच्या कामांची एक यादी डॉसमध्ये असे. तिचे नाव ऑटोएक्झेक डॉट बॅट. त्या यादीत स्क्रीन रीडरची ओळ आम्ही शक्य तितकी वर लिहिली. म्हणजे संगणक सुरू होताच आधी आवाज जागा होणार आणि पुढे काही चुकले, तर ते त्याला ऐकू येणार. यादी लिहून झाली आणि वीज गेली.

काळोखात मी भिंतीवर चाचपडू लागलो. त्याने मात्र सहज हात घालून पेटीचा अ‍ॅडाप्टर काढला. "वीज परत येताना झटका बसतो, सर," तो म्हणाला. मी कंदिलाची वाट पाहत बसलो.

बटणांची जागा शिकायला त्याला महिना लागला. कोणत्याही संगणकाच्या एफ आणि जे या बटणांवर हात फिरवून पाहा. तिथे बारीक उंचवटा असतो. दोन्ही हातांची पहिली बोटे तिथे ठेवायची, की बाकीची बटणे सापडतात. डोळस लोकही टंकलेखन असेच शिकतात.

ती पेटी इंग्रजी बोलणारी होती, आणि तेही अमेरिकन पद्धतीचे इंग्रजी. तिने मुरबाडला 'मर्बॅड' म्हटले तेव्हा घरातली लहान मुले लोळून हसली. मराठी किंवा उर्दू लिहायचे, तर इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि पेटीचा उच्चार मनात दुरुस्त करून घ्यायचा, असे चालले. पेटीला आपल्या भाषा शिकवणे सोपे नाही. उर्दूत अलिफ आणि सीन लिहिले, की ते 'इस' असेल किंवा 'उस'. ज़ेर, पेश आपण लिहीत नाही. पुढचे-मागचे वाक्य पाहून तुम्ही ओळखता. यंत्राने कसे ओळखायचे? मराठीत आपण मात्रा, वेलांटी सगळे लिहितो, मग मराठी तरी सोपी असेल, असे वाटेल. पण 'कमल' लिहून आपण शेवटचा 'ल' तोडून म्हणतो, आणि 'करतो' लिहून 'कर्तो' म्हणतो. 'जग' या शब्दाचा अर्थ दुनिया असेल, तर 'ज' चा उच्चार उर्दूतल्या जीमसारखा. 'शंभर वर्षं जग' असे म्हटले, तर 'ज' दातांजवळ जाऊन 'द्ज़' सारखा होतो. लिहायला मात्र दोन्ही सारखेच. मराठी शिकताना तुम्ही जिथे अडता, नेमके तिथेच यंत्रही अडते. तेव्हा वर्गात चुकलात, तर फार मनाला लावून घेऊ नका.

आता त्या पेटीचे दिवस गेले आहेत. नव्या संगणकांना बहुधा तशा पिनांची जागाच नसते. आवाज संगणकात आणि फोनमध्येच तयार होतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्रही त्याला येऊन मिळाला. हा प्रोग्रॅम कोणालाही फुकट मिळतो. त्याच्याबरोबर येणारा 'ई-स्पीक' नावाचा आवाज मराठी बोलतो, हिंदी बोलतो आणि उर्दूही बोलतो. त्याचा सूर थोडा पत्र्यासारखा वाटतो, कारण तो जुन्या पेटीसारखाच, आकड्यांवरून बनवलेला आहे. पण वेग वाढवला तरी तो स्पष्ट राहतो, म्हणून पुष्कळ अंध लोकांना तोच आवडतो. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतो. बऱ्याच फोनांवर आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून धरली, की तो सुरू होतो. मुंबईत अंधांसाठी काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून आहे. झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू झाले. पण फोन हातात आला, तरी तो वापरायचा कसा हे दाखवणारा माणूस गावात लागतोच.

परीक्षेचे नियमही बदलले. लेखनिक न घेता संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा असावी, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आले. माझ्या विद्यार्थ्याला दहावीत ते मिळाले नव्हते, याची मला अजून चुटपुट वाटते.

तर त्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. भात निसवले होते. एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो संगणकासमोर बसलेला होता. अम्मी दाराशी तांदूळ निवडत होती. मी नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाहिले. पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'भाईजान' लिहिलेले होते.

त्याने बटण दाबून पडद्यावरची ओळ पुसली.

"सर," तो संकोचून म्हणाला, "तुम्ही रागावू नका. जरा बाहेर बसाल का?"

मी उठलो.

"आणि सर, मुंबईहून आणलेला तो ईअरफोन कुठे ठेवलाय?"

मी कपाटावरून ईअरफोन काढून त्याच्या हातात दिला. त्याने बोटाने पेटीचे भोक शोधले आणि पिन आत घातली. अम्मीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, तिनेही विचारले नाही. मी अंगणातल्या बाजेवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने तीही तांदळाचे सूप घेऊन बाहेर आली. आत पेटी गप्प होती. बटणांचा टकटक आवाज तेवढा येत होता. मध्येच तो थांबे आणि पुन्हा सुरू होई.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट. लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून देणारा. पत – लोकांचा विश्वास. ओसरी – घराच्या पुढची उघडी जागा. डाग देणे – धातूचे दोन तुकडे वितळलेल्या धातूने जोडणे. चाचपडणे – हाताने शोधणे. चुटपुट – मनाला लागून राहिलेली खंत. भात निसवणे – भाताच्या रोपाला कणीस येणे.

स्वाध्याय
१. "कागदावर काय लिहिलं गेलं, ते मला माहीत नाही," असे विद्यार्थी का म्हणाला?
२. पेटी बिघडलेली नाही, हे मुलाने कशावरून ओळखले?
३. गप्प करणारे बटण सर्वांत महत्त्वाचे का आहे? पाठातील आकडे वापरून सांगा.
४. एकाच प्रकारे लिहिले जाणारे, पण दोन प्रकारे वाचता येणारे उर्दूतील तीन शब्द शोधा आणि त्यांचे अर्थ मराठीत लिहा.
५. मुलाने शिक्षकांना बाहेर बसायला का सांगितले असेल? पाच-सहा वाक्यांत लिहा.